जिमला नवीन आहात? मग आधी रिकामा रॉड

मी जिम लावली तेव्हा ३८ वर्षांची होते, वजन ८१ किलो, आणि जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून फोन बघायचं नाटक करायचे, धाप लागलीय हे कुणाला कळू नये म्हणून. पहिले चार महिने ट्रेडमिलवर घालवले कारण तेवढं एकच मशीन मला कळत होतं, चालू करा, चाला, बंद करा. चार महिन्यांत वजन घटलं दीड किलो, आणि ते पण मध्ये आठवडाभर तापाने पडले होते म्हणून. वेट्सच्या कोपऱ्यात जायची भीतीच वाटायची, तिथे सगळे अगदी सगळं येत असल्यासारखे वावरत असतात. नंतर कळलं की त्यातल्या निम्म्यांना काही येत नसतं, आवाज तेवढा मोठा असतो.

तेव्हा हे कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगतेय. आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकते: वजन कमी होतं ते ताटात, जिममध्ये जायचं ते ताकद कमवायला. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की निम्म्या चुका टळतात. नाहीतर होतं काय, माणूस वजन कमी करायचंय म्हणून हलके डंबेल घेऊन भराभर ५० रेप मारतो, म्हणजे एकच हालचाल ५० वेळा, घामाने निथळतो, खुश होऊन घरी जातो आणि महिनाभराने काट्यावर उभा राहून जिमला शिव्या देतो.

जायच्या आधी

छातीत दुखतं, चक्कर येते, बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत, कंबरेचं-गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गरोदर आहात, यातलं काहीही असेल तर पहिले डॉक्टरांना विचारा. हे उगाच फॉर्मॅलिटी म्हणून लिहीत नाहीये. शुगरची काही औषधं चालू असताना खाणं कमी केलं आणि व्यायाम वाढवला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, मग डोस बदलावा लागतो, आणि ते ट्रेनरचं काम नाही.

जिम बघायला जाल तर ज्या वेळी रोज जमणार आहे त्याच वेळी जा. भर दुपारी रिकामी जिम सगळ्यांनाच आवडते, संध्याकाळी तिथेच एका रॅकसाठी (रॉड ठेवायचा उभा सांगाडा) चार जण उभे असतात. रॅक किती आहेत मोजा, रॅकला सेफ्टीचे आडवे दांडे आहेत का बघा. ट्रेनर दुसऱ्याचा सेट (न थांबता सलग मारलेले रेप) चालू असताना त्याच्याकडे बघतोय की मोबाईलमध्ये, हेही दोन मिनिटं उभं राहून बघून घ्या, सगळं कळतं.

सामान फार लागत नाही. हातमोजे नकोत, कंबरेचा पट्टा आत्ता नको. बूट मात्र सपाट आणि कडक सोलचे हवेत. जाड मऊ सोलचे रनिंग शूज ट्रेडमिलला ठीक आहेत, पण ते घालून वजन घेणं म्हणजे गादीवर उभं राहून कपाट उचलणं. आणि एक वही. फोनमध्ये नोंदी ठेवल्या तरी चालतं, पण फोन हातात घेतला की दोन मिनिटांची विश्रांती दहा मिनिटांची होते हा माझा तरी अनुभव आहे.

रॉडशी ओळख

मोठा रॉड, ऑलिम्पिक साईजचा, २० किलोचा असतो. स्पर्धेतला बायकांचा रॉड १५ किलोचा, थोडा बारीक आणि आखूड. बऱ्याच जिममध्ये याशिवाय छोटे रॉड पडलेले असतात ज्यांचं वजन कुणालाच माहीत नसतं, सरळ काट्यावर ठेवून बघा. नोंद करताना रॉड धरून करायची, म्हणजे २० चा रॉड आणि दोन्ही बाजूला ५-५ च्या प्लेट्स असतील तर ३० लिहायचं. हे सांगायची गरज का, तर मी दोन महिने रॉड न धरता लिहीत होते आणि मला वाटायचं आपण १० किलोच उचलतोय.

रॉडवर खरखरीत भाग असतो तो पकडीसाठी, आणि त्या भागात दोन्हीकडे एकेक गुळगुळीत रेघ दिसते. ती रेघ वापरा, दोन्ही हात रेघेपासून सारख्या अंतरावर आहेत ना बघा. एक हात दोन बोटं जरी बाहेर गेला तरी रॉड एका बाजूला कलतो आणि आपण उगाच शोधत बसतो की डावा खांदा का दुखतोय.

स्क्वॉट

स्क्वॉट म्हणजे आपली बैठकच, फक्त पाठीवर रॉड. पण पहिल्या दिवशी रॉड घ्यायचा नाही. पहिले दोन आठवडे एक डंबेल छातीशी उभा धरा, दोन्ही हातांनी, पेला धरल्यासारखा, आणि मागे गुडघ्याच्या उंचीचा बाक ठेवून त्यावर हलकेच टेकून उठा. पुढे वजन असलं की माणूस आपोआप सरळ बसतो, कुणी शिकवावं लागत नाही. हे १० च्या तीन सेटमध्ये आरामात जमायला लागलं की मग रॉड.

रॅकचे हुक बगलेच्या जरा खाली लावा. टाचा उचलून रॉड काढावा लागत असेल तर हुक वर आहेत, आणि परत ठेवताना दमलेल्या अवस्थेत तीच टाच उचलणं महागात पडतं. रॉड मानेवर ठेवायचा नाही. मानेच्या खाली जे हाड बोटाला लागतं त्याच्याही खाली, खांदे मागे ओढले की तिथे मांसाची एक गादी तयार होते, रॉड तिच्यावर बसतो. "मानेला टोचतं" म्हणून रॉडला फोम गुंडाळणारे बहुतेक वेळा रॉड चुकीच्या जागी ठेवत असतात.

रॉड घेऊन दोन पावलं मागे, बास. काही जण फेरफटका मारून येतात. पाय खांद्याइतके फाकलेले, चवडे थोडे बाहेर. आता श्वास: पोटात खोल श्वास घ्या आणि कुणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट चारी बाजूंनी कडक करा, आत ओढायचं नाही, कडक करायचं. असं कडक पोट ठेवून खाली जायचं, वर येताना अवघड टप्पा पार झाला की श्वास सोडायचा. श्वास कोंडल्याने तेवढ्या वेळापुरतं बीपी बरंच वाढतं, त्यामुळे बीपी असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करा, हलक्या वजनाला वर येताना श्वास सोडत गेलं तरी काम होतं.

खाली जाताना गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जाऊ द्या. गुडघे बोटांच्या पुढे गेले तर खराब होतात असं खूप जण सांगतील. निरोगी गुडघ्याला त्याने काही होत नाही, जिना उतरताना पण ते पुढेच जातात. लक्ष ठेवायचं ते दोन गोष्टींवर, गुडघे आत एकमेकांकडे कोसळत नाहीत ना आणि टाच उचलली जात नाही ना. वजन सगळ्या तळव्यावर हवं.

किती खाली? मांडी जमिनीला समांतर किंवा जरा खाली. त्याआधीच कंबर गोल व्हायला लागली तर सध्या तिथेच थांबा, हळूहळू वाढतं.

आणि व्हिडिओ काढा, प्लीज. मी पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन बाजूने लावला, मांडीच्या उंचीवर, आणि पाच रेप मारले. मला वाटत होतं मी इतकी खाली जातेय की आता बसेनच. व्हिडिओत बघते तर अर्धवट, बसच्या सीटवरून ड्रायव्हरने ब्रेक मारल्यावर माणूस उठतो ना तेवढीच हालचाल, आणि प्रत्येक रेपला उजवी टाच एक सेकंद हवेत. आरशात हे काहीच दिसलं नव्हतं, कारण आरसा समोरून दाखवतो आणि घोळ सगळा बाजूने असतो.

सेफ्टीचे दांडे तुमच्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा दोन बोटं खाली लावा. आणि एकदा रिकाम्या रॉडने मुद्दाम फेल होऊन बघा, खाली बसायचं, रॉड दांड्यांवर टेकवायचा, पुढे सरकून बाहेर यायचं. एकदा केलं की अर्धी भीती तिथेच संपते.

डेडलिफ्ट

सगळ्यात जास्त बदनाम आणि माझी सगळ्यात आवडती. जमिनीवरची वस्तू नीट उचलणं, एवढंच आहे ते. पण त्याआधी कंबरेतून नाही तर कुल्ल्यातून वाकायला शिकावं लागतं. हातात भांडी असताना फ्रिजचं दार आपण ढुंगणाने लोटतो ना, तीच हालचाल. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि ढुंगण मागे नेऊन भिंतीला टेकवा. जमलं की अजून चार बोटं पुढे सरका. मांड्यांच्या मागे ताण जाणवला म्हणजे बरोबर चाललंय. पाठ सरळ राहतेय का बघायला एक काठी पाठीवर उभी धरा, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड असे तीन ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे, पूर्ण हालचालभर.

आता रॉड. तो बुटाच्या लेसच्या मध्यावर आला पाहिजे, म्हणजे नडगीपासून साधारण अडीच-तीन सेंटीमीटर. नवीन माणूस हमखास लांब उभा राहतो, नडगीला लागेल म्हणून, आणि रॉड जितका लांब तितका कंबरेवरचा भार वाढतो. दोन्ही हात पायांच्या जरा बाहेर. गुडघे वाकवून नडगी रॉडला टेकवा, छाती उचला, बगला घट्ट आवळा, बगलेत संत्रं धरून पिळताय असं समजा. श्वास, पोट कडक. मग रॉडला झटका द्यायचा नाही, आधी हात ताणून रॉड आणि प्लेट यांच्यातली ढिलाई काढा, टिक असा बारीक आवाज येतो, आणि त्यानंतर जमिनीला पायांनी खाली ढकला. रॉड पायाला घासत वर आला पाहिजे. लांब पँट घाला, नडग्या वाचतात.

वर आल्यावर सरळ उभं राहायचं, संपलं. मागे झुकून पोझ द्यायची नाही.

एक गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून २२.५ सेंटीमीटर वर असतो, आणि डेडलिफ्टची सगळी मांडणी त्या उंचीची आहे. छोट्या प्लेट्स लावल्या की रॉड खाली जातो आणि पाठ न वाकवता तिथे पोचणं अवघड जातं. तर रॉडखाली दोन्हीकडे प्लेट्सच्या थप्प्या ठेवून उंची भरून काढा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बेंच प्रेस आणि माझी फजिती

बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. एकटी होते, सकाळी सहा वाजता, जिममध्ये मी आणि कोपऱ्यात दोरीउड्या मारणारे एक आजोबा. रॉडला क्लिपा, म्हणजे प्लेट्स सरकू नयेत म्हणून असतात त्या, घट्ट लावल्या होत्या कारण नियम म्हणजे नियम. सातवा रेप छातीवर आला तो वर गेलाच नाही. अर्धा मिनिट मी तशीच, छातीवर ३५ किलो, ओरडायला श्वास नाही. आजोबांनी दोरी टाकली, आले, दोन बोटांनी उचलावा तसा रॉड उचलून हुकवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, एकटं असाल तर क्लिप नको, आणि असाल एकट्या तर आधी हाक मारत जा." परत गेले दोरीउड्या मारायला.

तर: बेंचला सेफ्टीचे दांडे असतील तर लावा. नसतील तर कुणालातरी स्पॉट द्यायला, म्हणजे अडलं की रॉड उचलायला, बोलवा, जिममध्ये याला कुणी नाही म्हणत नाही. दोन्ही नसेल तर क्लिप लावू नका, अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेट्स सांडता येतात, आवाज होईल, होऊ दे. अंगठा रॉडभोवती पूर्ण गुंडाळायचा. काही जण अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, ती पकड सुटली तर रॉड थेट छातीवर नाहीतर गळ्यावर येतो.

बाकी तंत्र सोपं आहे. डोळे रॉडच्या बरोबर खाली येतील असं झोपा. खांद्याची पाती मागे-खाली ओढून बेंचमध्ये रोवा, पाय जमिनीवर पक्के. कोपर शरीरापासून काटकोनात पसरायचे नाहीत, बगलेत चिकटवायचेही नाहीत, मधे कुठेतरी. रॉड छातीच्या खालच्या भागावर टेकतो आणि वर जाताना थोडा खांद्यांकडे तिरका जातो, सरळ रेषेत नाही. जड वाटत असेल तर महिनाभर डंबेलने करा, किंवा जोर मारा, उंच बाकावर हात ठेवून मारले तरी सुरुवातीला तेवढे पुरतात.

ओव्हरहेड प्रेसमध्ये (उभं राहून रॉड डोक्यावर ढकलणं) कुल्ले आवळून ठेवा नाहीतर कंबर मागे वाकते, रॉड कपाळ ओलांडून गेला की डोकं जरासं पुढे आणा. रोईंगमध्ये (पुढे वाकून रॉड पोटाकडे ओढणं) पाठ डेडलिफ्टसारखीच, कोपर मागे न्या, रॉडला धक्के देऊ नका. लॅट पुलडाऊन (मशीनचा वरचा दांडा बसून खाली ओढणं) छातीसमोर ओढा, मानेमागे नको.

आठवडा कसा लावायचा

तीन दिवस. मधे एकेक दिवस सुट्टी. "सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी दंड" हा कार्यक्रम नवीन माणसाला लागत नाही, तुम्हाला प्रत्येक हालचाल वरचेवर करायला मिळाली पाहिजे कारण तुम्ही अजून ती शिकताय. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेच्या शिकण्यातून वाढते, स्नायू नंतर. म्हणून सराव महत्त्वाचा.

दोन कार्यक्रम आलटून पालटून करा. पहिल्यात स्क्वॉट, बेंच, रोईंग. दुसऱ्यात डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, पुलडाऊन, आणि त्या दिवशी पाय अगदीच मोकळे राहू नयेत म्हणून हलक्या डंबेलचा छातीशी धरून केलेला स्क्वॉट दोन सेट. शेवटी दोन्ही दिवशी प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं), किंवा दोन्ही हातात जड डंबेल घेऊन हॉलभर चालणं. एका आठवड्यात पहिला-दुसरा-पहिला, पुढच्यात दुसरा-पहिला-दुसरा. प्रत्येक व्यायामाचे ८ रेपचे ३ सेट, डेडलिफ्टचे ५ रेपचे २ किंवा ३. सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या, खरंच घ्या. एक तासात आटोपतं.

वॉर्मअप म्हणजे पाच मिनिटं काहीतरी करून अंग गरम करणं आणि मग तोच व्यायाम हलक्या वजनाने. आज ४० चा स्क्वॉट असेल तर आधी रिकामा रॉड १० वेळा, मग ३० ला ५ वेळा, मग ४०. वीस मिनिटं स्ट्रेचिंग करून दमायची गरज नाही.

वजन कधी वाढवायचं

सुरुवात इतकी हलकी करा की लाज वाटेल. प्रत्येक सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन रेप निघाले असते असं वाटलं पाहिजे. तिन्ही सेट पूर्ण ८-८ झाले आणि फॉर्म बिघडला नाही तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, म्हणजे दोन्ही बाजूला सव्वा-सव्वाची प्लेट. ओव्हरहेड प्रेससारख्या छोट्या व्यायामात अडीच पण जड जातात, तिथे आधी रेप वाढवा, ८ चे १० करा, मग वजन वाढवून परत ८ वर या. एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा अडकलात तर १० टक्के कमी करून पुन्हा चढत या. मी स्क्वॉटमध्ये ५५ वर दोनदा अडकले आणि दोनदा खाली येऊन परत गेले, तिसऱ्यांदा गेलं.

म्हणूनच वही. गेल्या वेळी किती केलं ते आठवत नसेल तर वाढवणार काय? माझी पहिली वही अजून आहे, पानांवर घामाचे डाग आणि एका पानावर फक्त "झोप नाही. ३० पण जड." असं लिहिलंय. अशा दिवशी तेवढंच करून घरी जायचं असतं.

बायकांसाठी एक: वजन उचलून अंग पुरुषांसारखं होत नाही. मी पाच वर्षं उचलतेय, माझे बाह्यांचे शिवलेले ब्लाउज थोडे घट्ट झाले, बास.

आता ताट

तासभर वेट ट्रेनिंग केलं की ७० किलोच्या माणसाच्या साधारण २५० ते ४०० कॅलरी जातात, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. हिशोब दिसतोय ना. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कमी खाल्लं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो, आणि हाच वेग चांगला. "महिन्यात १० किलो" वाल्यांच्या नादी लागू नका, त्यात चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि स्नायू टिकवायलाच तर आपण जिमला जातोय. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला १३ च्या आसपास कॅलरी जाळतो, म्हणजे स्नायू वाढले की कितीही खा, हे पण खोटं.

प्रोटीन हा एकच आकडा मी सुरुवातीला मोजायला सांगेन. शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत, वजन खूप जास्त असेल तर हा हिशोब सध्याच्या नाही, ज्या वजनावर यायचंय त्याच्यावर करा. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. अंडी, दूध-दही, पनीर, सोयाबीन, डाळी-कडधान्यं, मासे, चिकन, जे खात असाल ते, प्रत्येक जेवणात काहीतरी. प्रोटीनने पोट भरल्यासारखं पण वाटतं. बाकी काय सोडायचं? कुठलाच पदार्थ नाही. आठवडाभर फक्त लिहून काढा काय काय खाल्लं, चाखलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसमधला चहा-बिस्किटं सकट. मला चौथ्याच दिवशी कळलं की माझा घोळ जेवणात नव्हताच, संध्याकाळी पाच ते सात मधे होता.

चालणं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय, तीन दिवस जिम आणि रोज अर्धा तास झपझप चालणं यात ते बसतं. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, ती कुठून आधी जायची ते शरीर ठरवतं. आणि पोटाला घामाचा पट्टा बांधून फिरणाऱ्यांसाठी: १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साईड होऊन श्वासातून बाहेर जाते, उरलेली पाणी होते. घामात गेलं ते प्यायलेलं पाणी, एक ग्लास पाण्यात परत येतं.

काटा आणि दुखणं

काट्यावर रोज सकाळी उभे राहा किंवा अजिबात राहू नका, अधूनमधून उभं राहणं सगळ्यात वाईट. वजन दिवसाला किलो-दीड किलो असंच वरखाली होतं, मीठ, पाणी, पाळी, पोट साफ न होणं, काहीही. रोजचं लिहा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी बघा. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर पेढे वाटू नका, शरीरातल्या साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी झालं की ते आधी जातं. दर दोन आठवड्यांनी बेंबीपाशी टेप लावून कंबर मोजा. मधे सहा आठवडे माझं वजन हललं नाही आणि कंबर चार सेंटीमीटर गेली, टेप नसता तर मी सोडलंच असतं.

अंग दुखणार. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त, पहिल्या स्क्वॉटनंतर कमोडवर बसताना भिंत धरावी लागते. हे स्नायूचं, पसरट, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं असतं, हलकं चाललं-फिरलं की बरं वाटतं. सांध्यात टोचणारं, एकाच बाजूचं, करताना लगेच सुरू होणारं, पायात कळ किंवा मुंग्या नेणारं दुखणं वेगळं, तिथे सेट थांबवायचा. आणि पहिल्याच दिवशी जोशात प्रचंड केलं, नंतर हातपाय सुजले, लघवी गडद तपकिरी झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, स्नायू तुटून किडनीवर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं.

सप्लिमेंटबद्दल दोन ओळी. व्हे म्हणजे दुधातलं प्रोटीन, जेवणात भरत असेल तर लागत नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर) दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, हे खरंच काम करतं, पण घेतल्यावर वजन पाण्यामुळे किलोभर वाढू शकतं तेव्हा घाबरू नका. फॅट बर्नरचे डबे बघून पुढे चला. इंजेक्शनं देणारा कुणी भेटला तर जिम बदला. झोप सात तास, ती मात्र खरंच सप्लिमेंटसारखी लागू पडते.

सुट्टी पडली, आजारी पडलात, दोन-तीन आठवडे गेले, तर परत आल्यावर वहीतल्या शेवटच्या आकड्यापासून सुरू करू नका, २० टक्के उतरवा, दोन आठवड्यांत तिथे पोचता.

आणि प्लेट्स काढताना एका बाजूच्या सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. रॉड रॅकवर असला तरी एका बाजूला ४० आणि दुसरीकडे शून्य झालं की तो उलटतो, मी एकदा बघितलंय, रॉडचं मोकळं टोक आरशात गेलं आणि अख्खी जिम थांबली. एक इकडची, एक तिकडची, असं करत काढा आणि जागेवर ठेवा, जड खाली, हलक्या वर.